हाताची घडी, तोंडावर बोट

पहिलीत आलेल्या मुलाला अक्षरओळख व्हायच्या आधी आम्ही बसायला शिकवतो. हाताची घडी, तोंडावर बोट. जून संपेपर्यंत वर्गातली चाळीस पोरं बाईंच्या एका नजरेवर गप्प होतात. घरी कुणाला न जुमानणारं पोर शाळेत ऐकतं, आणि आया येऊन सांगतात, "बाई, तुम्हीच सांगा त्याला, तुमचंच ऐकतंय ते." कुठल्याही शिक्षिकेला हे ऐकून बरं वाटतं. मलाही वाटतं. पण शाळांना लागलेल्या आगींबद्दल वाचायला लागल्यापासून या वाक्याने माझ्या पोटात खड्डा पडतो. बाईंनी 'बसा' म्हटलं की मूल बसतं. धूर आला तरी बसतं. बाई सांगतील तेव्हाच उठायचं, हे आपणच त्याला शिकवलेलं असतं.

१ डिसेंबर १९५८ ची गोष्ट. शिकागो शहरातली 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' ही कॅथलिक शाळा. सोळाशेच्या आसपास मुलं. दुपारचे दोन वाजून गेलेले, तीनला शाळा सुटायची. उत्तरेकडच्या इमारतीच्या एका कोपऱ्यात, जिन्याच्या तळाशी, कचऱ्याचं एक पिंप होतं. त्यात आग लागली. ती कुणी लावली की आपोआप लागली, याचा अधिकृत निकाल कधीच लागला नाही. काही वेळ ती तिथेच धुमसत राहिली. मग उष्णतेने जवळच्या खिडकीची काच फुटली, बाहेरची हवा आत आली आणि लाकडी जिना पेटला.

त्या जिन्याबद्दल मी खूप विचार केला आहे. खालच्या मजल्यावर जिना आणि पॅसेज यांच्यामध्ये जाड दार होतं, त्यामुळे आग तिथे अडली आणि खालच्या वर्गांतली मुलं बाहेर पडू शकली. वरच्या मजल्यावर तसं दार नव्हतं. उघडा जिना आगीत धुराड्यासारखा काम करतो. सगळा धूर आणि तापलेला वायू वर खेचला गेला आणि पॅसेजमध्ये भरला. वर्गांच्या दारांवरच्या काचेच्या झडपा फुटल्या आणि तो आत शिरला. मुलांना खिडकी हा एकच मार्ग उरला. पण खिडकीचा कठडा तीन फुटांहून उंच, लहान मुलांना त्यावर चढताच येईना, आणि चढलं तरी खाली पंचवीस फुटांवर फरशी. शेजारपाजारचे लोक घरातल्या शिड्या घेऊन धावले. त्या वरपर्यंत पोचल्या नाहीत.

काही वर्गांत शिकवणाऱ्या सिस्टरांनी, म्हणजे नन्सनी, मुलांना सांगितलं, जागेवर बसा, प्रार्थना म्हणा, बंबवाले येताहेत. मुलं बसली.

मी त्या सिस्टरांना कधी दोष देऊ शकले नाही. दार उघडलं तर पुढे काळा धूर, मागे उंच खिडक्या, आणि समोर आपल्या तोंडाकडे बघणारी पन्नास-साठ लेकरं. अशा वेळी बाईने काय सांगायचं? त्यांनी त्यांच्याजवळ होतं ते दिलं, आणि तीन सिस्टर मुलांबरोबरच गेल्या. ९२ मुलं गेली.

आणखी एक तपशील आहे, तो आम्हा शिक्षकांसाठी फार महत्त्वाचा आहे. शाळेतली धोक्याची घंटा मुख्याध्यापिकेच्या परवानगीशिवाय वाजवायची नाही, असा तिथे नियम होता. घंटेचं बटण जमिनीपासून सहा फूट उंचीवर होतं, आणि ती वाजली तरी अग्निशामक दलाला काही कळायची सोय नव्हती. धुराचा वास आल्यावर एक शिक्षिका शेजारच्या वर्गातल्या शिक्षिकेकडे गेली. ती मुख्याध्यापिकेला विचारायला ऑफिसकडे धावली. मुख्याध्यापिका तिथे नव्हत्या, त्या दिवशी त्या गैरहजर शिक्षिकेच्या वर्गावर गेल्या होत्या. मग या दोघींनी परवानगीची वाट न बघता आपापले वर्ग बाहेर काढले. त्यांची मुलं वाचली. त्या परवानगीच्या शोधात गेलेली मिनिटं मात्र बाकीच्या वर्गांच्या वाट्याची होती. पुढे बंब निघाले तेव्हा त्यांना पत्ता मिळाला होता पाद्र्यांच्या निवासाचा, जे कोपऱ्याच्या पलीकडे होतं. शाळेच्या अंगणाच्या लोखंडी फाटकाला कुलूप होतं, ते तोडावं लागलं.

ही शाळा बेकायदा नव्हती, हे वाचून मी बराच वेळ सुन्न बसले होते. काही आठवड्यांपूर्वीच तिची तपासणी झाली होती आणि ती पास झाली होती. नव्या शाळांचे जिने बंदिस्त हवेत, पाण्याचे फवारे हवेत, असा शिकागोचा नियम १९४९ पासून होता. पण तो नव्या इमारतींना. आधी बांधलेल्या इमारती त्यातून वगळल्या होत्या. म्हणजे जिथे धोका सर्वांत जास्त होता, तिथेच नियम लागू नव्हता. ती सूट त्या आगीनंतर गेली. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या अग्निशामक दलाने एका रिकाम्या शाळेत मुद्दाम आगी लावून मोजमापं घेतली. जिना उघडा असेल तर काही मिनिटांतच पॅसेजमधून माणूस जाऊ शकत नाही, हे तिथे सिद्ध झालं. त्यानंतर अमेरिकेत हजारो जुन्या शाळांचे जिने बंदिस्त झाले, दारं बसली, घंटा थेट अग्निशामक दलाला जोडल्या गेल्या. यातलं काहीही नवीन संशोधन नव्हतं. सगळं आधीपासून माहीत होतं.

आपल्याकडचा तो दिवस माझ्या पिढीच्या शिक्षकांना आठवत असेल. १६ जुलै २००४. तमिळनाडूतलं कुंभकोणम. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. संध्याकाळच्या बातम्यांत ओळीने ठेवलेली दप्तरं दाखवत होते आणि आमच्या स्टाफरूममध्ये दुसऱ्या दिवशी कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. एकाच इमारतीत तीन शाळा भरत होत्या. मुलांचं जेवण शिजवायची खोली झावळ्यांच्या छपराची होती, तिथे आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या वर्गांच्या छपरापर्यंत गेली. तेही झावळ्यांचं. जिना अरुंद. पेटलेलं छप्पर मुलांवर कोसळलं. ९४ मुलं गेली, जवळजवळ सगळी प्राथमिकच्या वर्गांतली. न्यायमूर्ती संपत यांचा आयोग बसला. खटला चालून तंजावरच्या न्यायालयाचा निकाल यायला दहा वर्षं लागली, २०१४ मध्ये दहा जण दोषी ठरले. त्या मुलांच्या बरोबरीची जी वाचली होती, ती तोवर कॉलेजात गेली होती.

कुंभकोणमनंतर सर्वोच्च न्यायालयात एक जनहित याचिका गेली आणि एप्रिल २००९ मध्ये तिचा निकाल लागला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेत शिकण्याचा हक्क येतोच, असं न्यायालयाने म्हटलं. इमारत सुरक्षित आहे याची खात्री झाल्याशिवाय शाळेला मान्यता देऊ नका, आग विझवण्याची साधनं बसवा, ती वापरायचं शिक्षकांना शिकवा, असे आदेश दिले. आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवर लाल नळकांडं दिसतं, त्यामागे ती ९४ लेकरं आहेत. नळकांड्यावरची रिफिलची तारीख बघताना हे आठवावं, असं मी नव्या शिक्षकांना सांगते.

कुंभकोणमला सहा महिनेसुद्धा झाले... नाही, सहा महिने होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते, आणि आमच्या वाईजवळ मांढरदेवीला तो प्रसंग घडला. २५ जानेवारी २००५, काळूबाईची शाकंभरी पौर्णिमेची जत्रा. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं लागून अरुंद झालेली वाट, चेंगराचेंगरी, मग पेटलेली दुकानं आणि फुटलेले गॅस सिलिंडर. तीनशेच्या आसपास माणसं गेली. सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत त्या रात्री चूल पेटली नव्हती. शाळा वेगळी, जत्रा वेगळी, पण माणसं मरण्याचं कारण एकच: जायची वाट अरुंद आणि अडवलेली. साताऱ्याच्या माणसाला हे पुस्तकातून शिकायची गरज नाही.

साताऱ्याला आपल्या शाळांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी शाळेच्या रजिस्टरमध्ये भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिलं गेलं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये इथे बोर्डिंग काढलं आणि ज्यांच्या घरात पाटी-पेन्सिल आली नव्हती ती पोरं शिकायला साताऱ्यात आली. मूल शाळेत येणं हीच इथे एके काळी लढाई होती. झाडाखाली, देवळाच्या ओवरीत, गोठ्यात शाळा भरल्या. जागा मिळाली तिथे शिकवलं, त्याला दुसरा इलाज नव्हता. आता मुलं शाळेत आलीत. आता प्रश्न ती कुठे बसतात याचा आहे.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आजही शिकवण्या आणि बालवर्ग चालतात. सागवानी खांब, लाकडी तक्तपोशी, एका वेळी एकच माणूस चढेल असा जिना. मला असे वाडे फार आवडतात. पण तक्तपोशीच्या कडेने पांढऱ्या पट्टीतून नेलेली वायर, एकाच बोर्डवर पंखे, इन्व्हर्टर आणि पाण्याचा फिल्टर हे दिसलं की माझी नजर आधी दुसऱ्या दाराचा शोध घेते. बहुतेक ठिकाणी ते नसतं, किंवा असतं आणि त्याच्यापुढे कपाट असतं. गावातल्या नव्या कॉम्प्लेक्समध्येही तेच. खाली दुकानं, वर दोन मजले ऑफिसं आणि सगळ्यात वर अकरावी-बारावीचे क्लास. २४ मे २०१९ ला सुरतेत अशाच इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर क्लासमध्ये २२ विद्यार्थी गेले. वर जायचा जिना लाकडी होता, तो जळाला. खिडक्यांतून उड्या मारणारी मुलं आपण सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली आणि आठवड्याभरात आपल्याच मुलांना क्लासला सोडायला गेलो. वरती जाऊन जिना बघून आलेले पालक किती? ज्या आई-वडिलांनी फी किती आणि निकाल किती हे दहा ठिकाणी विचारलं, त्यांनी एकदा तरी विचारायला हवं होतं की खाली उतरायला दुसरी वाट कुठली.

कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधाचा अधिनियम २००६ चा. इमारतीतली अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीकडून प्रमाणपत्र घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचं असतं. ही जबाबदारी मालकाची किंवा जागा वापरणाऱ्याची. राष्ट्रीय बांधकाम संहितेत शाळेच्या जिन्याची रुंदी निदान दीड मीटर सांगितली आहे. आणि त्याच संहितेत एक ओळ अशी आहे की ती प्रत्येक मुख्याध्यापकाच्या टेबलावर काचेखाली ठेवावी: बाहेर पडायचं दार आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे.

या एका ओळीवर आपल्या किती शाळा टिकतील? चोऱ्या होतात म्हणून मागच्या जिन्याला सरकतं लोखंडी गेट. पोरं मधल्या सुट्टीत पळून जातात म्हणून त्याला दिवसाही कुलूप. किल्ली मामांच्या खिशात आणि मामा बँकेत स्लिप भरायला गेलेले. मुलं वाकून पडू नयेत म्हणून वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांना पक्कं ग्रिल. यातली एकेक गोष्ट मुलांच्या काळजीपोटीच केलेली आहे, हे मला माहीत आहे. चोर बाहेर राहावा म्हणून केलेली व्यवस्था मुलाला आत ठेवते, एवढाच तिचा दोष, आणि तो जीवघेणा आहे.

जिन्याखालची जागा ही दुसरी. आमच्या शाळेत ती उघडून बघितली तेव्हा निघालं ते असं: मोडके बाक, कबड्डीच्या जुन्या मॅटचे तुकडे, तीन वर्षांच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, रंगाचे अर्धवट डबे, गॅदरिंगमधला थर्माकोलचा किल्ला आणि जनरेटरसाठी आणलेला डिझेलचा कॅन. शिकागोत जिन्याखाली एक पिंप होतं. गॅदरिंगवरून आठवलं, हरियाणातल्या डबवालीत २३ डिसेंबर १९९५ ला शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात मांडव पेटला आणि चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात निम्म्याहून अधिक मुलं. वरून जळतं कापड पडत होतं आणि बाहेर पडायला दार एकच. तेव्हापासून डिसेंबरात मांडववाला आला की मी त्याला आधी विचारते, मागच्या बाजूने कापड मोकळं सोडणार का? तो म्हणतो, "बाई, पोरं फुकट आत घुसतील की ओ मागनं." घुसू देत.

आमच्याकडे आगीच्या वेळी बाहेर पडायचा सराव सुरू केला तो नव्या मुख्याध्यापक सरांच्या पाठिंब्यामुळे. सलग घंटा वाजली की वर्ग सोडून मैदानात कडुलिंबाखाली जमायचं, एवढंच सांगितलं होतं. पहिल्या सरावात जे झालं ते कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मुलं उठली, रांगेत दारापर्यंत आली आणि थांबली. चपला! आमच्याकडे चपला-बूट वर्गाबाहेर व्हरांड्यात काढायची पद्धत. प्रत्येक जण वाकून आपली जोडी शोधत होता, मागचे पुढच्यांवर आदळत होते, आणि शेजारच्या वर्गाची रांग त्या ढिगात अडकली होती. चौथीतली एक मुलगी बुटाची नाडी बांधत खाली बसली होती. तिला हाताला धरून उठवलं तर म्हणाली, "बाई, आई रागवंल, नवीन हाईत." दुसरीतल्या एकाने दप्तर घेऊ का म्हणून विचारलं आणि उत्तर मिळेपर्यंत बाकाशीच उभा राहिला. आज्ञाधारक पोरगा.

त्या दिवसानंतर चपलांचे रॅक व्हरांड्यातून मुख्य दाराबाहेर गेले. मागच्या गेटचं कुलूप निघालं आणि आतून सरकवायची कडी आली. पोरं पळून जातात ही तक्रार खरी ठरली, काही दिवस दोन-चार पळालीही. मग शेवटच्या तासाला एका शिक्षकाने तिथे उभं राहायचं ठरलं. खिचडीचा गॅस आधीच वेगळ्या शेडमध्ये होता, आता जादा सिलिंडरसाठी शेडच्या मागे जाळीचा पिंजरा केला. मावशींना रेग्युलेटर बंद करायचं वेगळं सांगावं लागलं नाही, त्या घरी रोज तेच करतात. मैदानात हजेरी घ्यायची तर हजेरीपट बरोबर हवा, हे दुसऱ्या सरावात कळलं. तिसऱ्यात कळलं की संडासात गेलेलं मूल कुणाच्याच मोजणीत नसतं. आता दर मजल्यावरचे शेवटचे शिक्षक तिकडे डोकावून खाली येतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना वाकून, जमिनीलगत चालायला शिकवलं, कारण धूर वर राहतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली असते. ते त्यांना खेळासारखं आवडलं.

सगळ्यात मोठा वाद झाला घंटेवरून. आमची घंटा म्हणजे रुळाचा तुकडा, ऑफिससमोर टांगलेला, आणि तो वाजवायचा मान मामांचा. वरच्या मजल्यावर दुसरी घंटा हवी आणि ती कुणालाही, मुलालासुद्धा, विचारल्याशिवाय वाजवता आली पाहिजे, असं मी बैठकीत मांडलं. शिकागोतल्या त्या दोन शिक्षिकांची हकीकत सांगितली. एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, रोज वाजेल. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. घंटा बसल्यावर गणपतीच्या सुट्टीआधी सातवीतल्या एका मुलाने ती खरंच वाजवली, गणिताची चाचणी होती म्हणून. सगळी शाळा मैदानात. चाचणी बुडाली. पुढच्या बैठकीत घंटा काढा अशी मागणी आली, आणि मी जन्मात कधी बोलले नसेन इतक्या जोरात त्या दिवशी बोलले. खोट्या घंटेने काय गेलं? एक तास. सगळी मुलं किती वेळात खाली आली ते मामांनी घड्याळ लावून बघितलं होतं, आमच्या आधीच्या कुठल्याही सरावापेक्षा लवकर आली होती. कारण या वेळी शिक्षकांनाही खरंच वाटलं होतं. सरांनी त्या मुलाला चाचणी एकट्याला द्यायला लावली. घंटा राहिली. तिची दोरी आधी माझ्या खांद्यापर्यंत होती, ती सोडून पहिलीच्या मुलाचा हात पोचेल इतकी खाली घेतली.

वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांचं ग्रिल बाकी आहे. प्रत्येक वर्गातलं एक ग्रिल बिजागरीवर बसवून आतून कडीने उघडेल असं करायचं, असा विचार आहे. एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरने येऊन मापं घेतली, कोटेशन दिलं. रक्कम शाळेच्या मानाने मोठी आहे. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली, तेव्हा पहिला फोन आला तो खिडकीशेजारच्या बाकावर बसणाऱ्या, सतत बाहेर बघतो म्हणून ओरडा खाणाऱ्या एका मुलाचा. आता त्याचं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे. मजुरी घेणार नाही म्हणाला, लोखंड तुम्ही आणा. दिवाळीच्या सुट्टीत काम सुरू करायचं ठरलं आहे.